आत्याचे कानमंत्र : मावळातल्या भाच्यासाठी

बाळा, घरची जमीन कसायची म्हणालास, तेव्हा फार बरं वाटलं. तळेगावची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी खाचरात उतरणार, तेही चालेल. भात कुणाचा हुद्दा विचारत नाही, वेळेवर आलास का एवढंच विचारतो. तू उशिरा उठणारा आहेस, हे मला तुझ्या बारशापासून माहीत आहे, म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालते.

आधी आपल्या मुलखाचं कोडं समजून घे. लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे. एवढा पाऊस डोक्यावर घेऊनही फाल्गुन-चैत्रात मावळातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन उतरतात. कारण सगळा पाऊस चार महिन्यांत येतो, उतारावर पडतो, खाली काळा कातळ; तो मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला लागतो. पाऊस कुणाचाच नसतो रे, थांबवलेलं पाणी तेवढं आपलं. वर्षभराचं पोटाचं गणित त्या थांबवण्यावर आहे.

बांध

१. वैशाखात सगळ्या बांधांवरून एकदा अनवाणी चाल — गाडीवर बसून न दिसणारी भेग तळपायाला कळते.

२. खेकड्यांची बिळं पहिल्या पावसाआधी चिकणमाती आणि दगड ठोकून बुजव, आणि लावणीनंतरही दर दोन-तीन दिवसांनी बघत जा — अंगठ्याएवढ्या भोकातून रातोरात खाचर रिकामं होतं, आणि तू टाकलेलं खतही त्याच वाटेनं जातं.

३. प्रत्येक खाचराला दगड लावून सांडवा ठेव — पाणी जाणारच आहे. वाट तू दिली नाहीस तर ते बांध फोडून स्वतःची वाट करतं.

४. वरच्या खाचराचं पाणी खाली सोडायचं असलं की खालच्या शेतकऱ्याला आधी हाक मार — त्यानं कालच खत दिलेलं असेल, तर तुझ्या पाण्यानं त्याचं सगळं वाहून जाईल, आणि ते तो दहा वर्षं विसरणार नाही.

५. बांध दरवर्षी वीतभर कोरून शेत वाढवायच्या नादी लागू नकोस — बांध पातळ झाला की दोघांचंही पाणी जातं. आणि कोरून वाढवलेलं शेत कोर्टात पिकतं, घरात नाही.

६. पहिल्या पावसाबरोबर बांधावर गिरिपुष्पाचे छाट रोव — मुळं बांध धरून ठेवतात आणि पाला खाचराला खत होतो. चिखलणीच्या आधी आठ-दहा दिवस गुंठ्याला साधारण तीस किलो हिरवा पाला पसरलास की युरियाच्या गोणीसाठी रांगेत कमी उभं राहावं लागेल.

७. वरकस जमिनीवर नाचणी, वरई करशील तर नांगर उताराला आडवा धर — उभं तास म्हणजे मातीला ओढ्यापर्यंत करून दिलेला रस्ता. वरची वीतभर माती एकदा गेली की ती तुझ्या नातवालाही परत मिळायची नाही.

थोडं थांबून एक गोष्ट सांगते. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाच्या देशात याकूबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. जमीन दगडासारखी कडक झालेली, लोक गाव सोडून चाललेले. त्यानं त्यांच्याकडची जुनी रीत पुन्हा हातात घेतली, कोरड्या दिवसांतच शेतात हातभर रुंदीचे खड्डे खणायचे, त्यात शेणखत टाकायचं, आणि पहिला पाऊस त्या खड्ड्यांतच थांबवायचा. ज्वारी-बाजरी तर आलीच, पुढे त्या माळावर रानही उभं राहिलं. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. त्याच्याकडे पाऊस थोडा, आपल्याकडे धो-धो. पण काम दोघांचं एकच, पडलेल्या थेंबाला शेतातून घाईनं बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि बघ, ते खड्डे त्यानं पावसात नाही, उन्हाळ्यात खणले. तू मात्र मृग निघाल्यावर फावडं शोधत बसू नकोस.

बी आणि रोप

८. बी घरचं असो वा विकतचं, दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडव. वर तरंगेल ते काढून टाक, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळव — पोचट दाण्याचं रोपही पोचटच निघतं, आणि सगळ्यात आधी रोग त्यालाच धरतो.

९. इंद्रायणीचं बी काही वर्षांनी बदल, आणि वडगावच्या कृषी संशोधन केंद्रावर जाऊन विचारून बदल — भेसळ हळूहळू होते, आणि कळते तेव्हा व्यापारी भाव पाडून मोकळा झालेला असतो. इंद्रायणी तिथलीच लेक आहे. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली आपल्या हाती आली. वास आंबेमोहोराचा घेतला, उतारा दुसऱ्याचा. मावळातल्या कितीतरी घरांची चूल तिनं राखली आहे.

१०. थोडी जागा आंबेमोहोरासाठी ठेव, सगळं एकाच वाणाखाली आणू नकोस — करपा आला किंवा ऐन फुलोऱ्यात पाऊस झोडपून गेला, तर सगळी खाचरं एकाच दिवशी आडवी होऊ नयेत.

११. राब भाजायला डोंगरातल्या फांद्या तोडायचं कमी कर. गादीवाफा कर आणि त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळ — राखेतल्या सिलिकानं रोप ताठ होतं, आणि वरचं रान तोडलं नाहीस तर खालचा झरा टिकतो.

१२. गादीवाफा टेकाडावर, पाण्याचा निचरा होईल असाच कर — रोपवाटिका बुडाली की दुसरं रोप मागायला सगळं गाव फिरावं लागतं, आणि तेव्हा प्रत्येक जण आपलंच रोप मोजत बसलेला असतो.

१३. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की लाव, चार पाहुणे आले म्हणून थांबू नकोस — म्हाताऱ्या रोपाला फुटवे कमी येतात. ज्याची लावणी लांबते, त्याची कणगी उथळ राहते.

१४. एका चुडात दोन-तीनच रोपं धर आणि उथळ लाव — मूठ-मूठ रोपं खोल खुपसली की ती आपसातच भांडतात, आणि फुटायला जागा राहत नाही. लावणीला येणाऱ्या बायांना हे आधी गोडीनं सांग, चहा झाल्यावर. भर चिखलात सांगितलंस तर कुणी ऐकणार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.

आता चारसूत्रीचं नीट ऐक, कारण छोट्या खाचरांसाठी इतकी सोयीची दुसरी रीत माझ्या बघण्यात नाही. डॉ. एन. के. सावंत यांनी ही पद्धत लहान शेतकऱ्याच्या खिशाचा विचार करून मांडली. सूत्रं चारच : भाताचं तूस-पेंढा पुन्हा भातालाच द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला घालायचा, दोरीवर नेमकी लावणी करायची, आणि खत गोळीच्या रूपानं चिखलात रोवायचं. दोरीला पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा कर, ओळीही तशाच आलटून पालटून पंधरा आणि पंचवीसवर घे. म्हणजे चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो. त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी लावणीच्या दिवशीच सात ते दहा सेंटिमीटर खोल रोवायची. गोळी पावणेतीन ग्रॅमची. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास लागतात, म्हणजे वजनानं पावणेदोन किलोच्या आत. वरून फेकलेला युरिया आपल्या पावसात अर्धा ओढ्याला मिळतो. चिखलात रोवलेली गोळी मुळाशी हळूहळू विरघळत राहते. पहिल्या वर्षी माणसं म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? त्यांना दसऱ्याला खाचर दाखव.

१५. गोळी दिलेल्या खाचरात वरून आणखी युरिया फेकू नकोस, शेजाऱ्याचं हिरवंगार दिसलं तरी — जास्त हिरवा भात करपा आणि खोडकिडीला आवतण देतो, आणि पुढे वाऱ्यानं लोळतो.

१६. रोप लावण्याआधी शेंडे थोडे खुडून टाक, आणि कापणी अगदी जमिनीलगत कर — खोडकिडीची अंडी शेंड्यावर असतात आणि अळी बुडख्यात मुक्काम करते. ना औषध, ना पैसा.

१७. पोटरी आणि फुलोऱ्याच्या दिवसांत खाचर कोरडं पडू देऊ नकोस, आणि कापणीच्या आठ-दहा दिवस आधी सगळं पाणी काढ — भाद्रपदात पावसानं दडी मारली की दाणा पोचट राहतो. त्या कोरड्या दिवसांसाठीच तर शेताच्या वरच्या अंगाला छोटं तळं हवं.

१८. कधी सवड काढून घाट उतरून नेरळला जा आणि चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र डोळ्यांनी बघ — नांगरणी-चिखलणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेतात, त्यामुळे माती हलत नाही, वाहत नाही. लगेच सगळं तसं करू नकोस. एक खाचर करून बघ.

१९. भात निघाला की ओल असेपर्यंत हरभरा, मसूर किंवा वाल टाक, आठवडाभरही वाट बघू नकोस — ओल तुझी दिवाळी संपायची वाट बघत नाही. भाताबरोबर घरात डाळ पिकली, तरच ताटाला पूर्ण ताट म्हणायचं.

पाणी

२०. पाऊस थांबल्यावर, ओढा अजून वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून वनराई बंधारा घाल — दोन दिवसांचं श्रमदान, आणि रब्बीला दोन पाणी मिळतात. ओढा आटल्यावर बंधारा बांधणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांत तू नको.

२१. उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्यामागचा गाळ काढून शेतात पसर — ती तुझ्याच वरच्या शेताची माती आहे, ती परत आण.

२२. झऱ्याच्या वरचं रान तोडू नकोस, तोडू देऊ नकोस, आणि झऱ्याचं तोंड सिमेंटनं बंद करू नकोस — झऱ्याचं पाणी वरच्या उतारावर मुरतं, खाली ते फक्त दिसतं.

२३. फाल्गुनात गवताला काडी लावणाऱ्याला अडव, आणि त्याआधी गावानं मिळून जाळरेषा काढ — वणव्यानं नवं गवत चांगलं येतं हा समज आहे. जळलेल्या उघड्या उतारावरची माती पहिल्या वळवातच खाली येते.

२४. रब्बी उभी असेपर्यंत गुरं मोकळी सोडायची नाहीत असं गावात ठरवून घे — एकट्यानं हरभरा पेरला तर तो गुरांसाठीच पेरल्यासारखा होतो, सगळ्यांनी पेरला तर टिकतो.

२५. बोअर मारण्याआधी जुनी विहीर उपस आणि तिच्यात पावसाचं गाळलेलं पाणी सोडायची सोय कर — आपल्या कातळात पाणी फटींत असतं. तुझं बोअर खोल गेलं की शेजारच्या म्हातारीची विहीर कोरडी पडते.

भाज्याच्या लेण्यांत गेलास की फक्त चैत्यगृहाचे फोटो काढून परत येऊ नकोस. कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघ. तिथं एका टाक्यावर महारठी घराण्यातल्या एका माणसानं पाण्याचं टाकं दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लोहगड-विसापूरवरही तीच युक्ती, वरून येणारं पाणी खोदलेल्या टाक्यांत धरायचं. या डोंगरात राहायचं तर पाणी आधी, बाकी मागाहून, हे तेव्हाच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आपलं पाणी जातं कुठं, तेही माहीत असू दे. लोणावळा, वळवण, शिरवता या टाटांच्या तलावांचं पाणी १९१५ पासून घाट उतरून खोपोलीला वीज करतं. ठोकळवाडीचं १९२२ पासून भिवपुरीला. पवनेचं पाणी नदीनं पिंपरी-चिंचवडला जातं. शहरालाही तहान आहे, त्याबद्दल माझा राग नाही. पण ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि आपले तीन शेतकरी गेले. पाण्याचं बोलणं वेळेवर, समोरासमोर बसून आणि लेखी व्हावं, असं मला तेव्हापासून फार वाटतं. रस्त्यावर उतरण्याच्या कितीतरी आधी.

२६. गावात पाण्याची वाटणी जमिनीवर नको, माणसांवर करा असा आग्रह धर — १९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच करून दाखवलं : माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, उसाला मनाई, आणि भूमिहीनालाही वाटा. तिथं पाऊस आपल्या तुलनेत चिमूटभर होता.

२७. पाण्याचं पाळीपत्रक भिंतीवर लिहा, वहीत नको — वही एकाच्या घरात राहते, भिंत सगळ्यांना वाचता येते.

कणगी

२८. वर्षाचा घरचा भात आणि पुढचं बी बाजूला काढल्याशिवाय एक पोतंही विकू नकोस — मार्गशीर्षात विकलेला तांदूळ श्रावणात दीडपटीनं विकत आणणारी घरं मी पाहिली आहेत. २० जुलै २०२३ ला आपल्या सरकारनं बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या देशांत भाव कसे चढले, ते तू वाचलंच असशील. देशाचं जे, तेच घराचं.

२९. भात कडकडीत वाळव, दाताखाली टच्च वाजला पाहिजे. मग कणगी शेणानं सारवून, पूर्ण सुकल्यावरच भर — ओला दाणा बुरशी आणतो, आणि बी असेल तर उगवणही घालवतो.

३०. बियाणाची कणगी वेगळी, उंचावर ठेव आणि तिच्यावर वाणाचं नाव अन् साल लिही — आठवणीवर ठेवलेलं बी हमखास जात्यात जातं.

जमीन आणि कागद

३१. वर्षातून एकदा सातबारा आणि आठ-अ काढून वाच, नुसता काढून ठेवू नकोस — विहिरीची नोंद, वारसांची नावं, इतर हक्क, यांतली चूक आज तलाठ्याकडे सुटते, वीस वर्षांनी न्यायालयातही सुटत नाही.

३२. ई-पीक पाहणी मोबाइलवरून स्वतः, वेळेत कर — २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याच्याच हातात आहे. पेरलेलं नोंदलं नाहीस तर नुकसानीच्या वेळी कागदावर तुझं शेत पडीकच दिसतं.

३३. जमीन विकायचा विचार आला तर आधी बहिणींना बोलाव, चहा ठेव आणि मग बोल — २००५ च्या कायद्यानं त्यांचा वाटा तुझ्याएवढाच आहे. आणि बहुतेक वेळा बहीणच म्हणते, थोडी ठेव.

३४. विकायचीच वेळ आली तर ओढ्याकाठची आणि पाण्याची जमीन सगळ्यांत शेवटी — द्रुतगती मार्ग झाला तशी मावळची शेती फार्महाऊसला आणि प्लॉटला जात राहिली. पैशानं गाडी येते, गाडीत भात येत नाही.

३५. शेजारच्या प्लॉटवाल्यानं नाल्यात भराव टाकला, तर पहिल्याच दिवशी सौम्यपणे सांग आणि फोटो काढून ग्रामपंचायतीला अर्ज दे — नाला बुजला की पाणी तुझ्या खाचरातून वाट काढतं, आणि दोन पावसाळ्यांनंतर तीच वाट नकाशात येते. बंगलेवाला वाईट असतो असं नाही. त्याला नाला कोरडा दिसतो, कारण तो मे महिन्यात आलेला असतो.

३६. घरामागचा उतार तोडून सपाटी करू नकोस, आणि उतारावर नवी भेग, कललेली झाडं किंवा अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर त्याच दिवशी माणसं हलव — ३० जुलै २०१४ ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवरही तसाच. दोन्ही आपल्याच सह्याद्रीत, दोन्ही जुलैत. घर पुन्हा बांधता येतं.

एवढं सगळं पहिल्याच वर्षी जमायचं नाही, आणि जमलं नाही म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही. या वर्षी तीन कामं कर : बांधांची फेरी, मिठाच्या पाण्यातलं बी, आणि एका खाचरात दोरीवरची लावणी. वनराई बंधाऱ्याला मात्र एकटा जाऊ नकोस, वाडीतली पोरं घेऊन जा. जेवण मी पाठवीन. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मागच्या रांगेत बसून परत येऊ नकोस. ओढ्यातला भराव आणि झऱ्यावरचं रान, हे दोन विषय लेखी दे, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.